शेतावरची सोलर पेटी: घेण्याआधी दहा मिनिटांचा हिशोब



हरभरा घाट्यावर येतोय, मका कणसात आहे, आणि रानडुकरं-रोह्यांमुळे रात्रीची जागल सुरू झाली आहे. बरेच जण विचारतात, "मॅडम, ते घडीचं सोलर पॅनल आणि बॅटरीची पेटी मिळते ना, ती घ्यावी का?" दुकानात तिला पॉवर स्टेशन म्हणतात. आजचा पाठ तिच्यावरच. मेसेज थोडा मोठा आहे, पण पैसे मोजण्याआधी पूर्ण वाचा.

*आधी माझी फजिती ऐका*

गेल्या रब्बीत मी अशी पेटी घरी आणली. आबांना म्हटलं, आता जागलीला जायचं नाही, झटका मशीन या पेटीवर चालेल. संध्याकाळी पेटी फुल्ल चार्ज होती, मशीन टिकटिक करत होतं. आम्ही निर्धास्त झोपलो. सकाळी बघतो तर मक्याच्या सहा ओळी आडव्या! पेटीत चार्जिंग भरपूर शिल्लक, पण आउटपुट बंद.

कारण साधं होतं. झटका मशीन फार कमी वीज ओढतं. पेटीला वाटलं आपल्याला काहीच जोडलेलं नाही, म्हणून वीज वाचवायला ती आपोआप बंद झाली. ही गोष्ट माहितीपुस्तिकेत लिहिलेली होती, मी वाचली नव्हती. आबा काही बोलले नाहीत. रात्री घोंगडी घेतली आणि माळ्यावर गेले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणून पहिला धडा: *कमी लोडवर पेटी आपोआप बंद होते का, आणि ती सोय बंद करता येते का, हे दुकानातच विचारा.* घरी आणल्यावर एक रात्र घरातच चालवून बघा, मग शेतात न्या. माझं मत विचाराल तर झटका मशीनला त्याची स्वतःची १२ व्होल्टची बॅटरी आणि छोटं पॅनलच बरं. कमी खर्चात होतं आणि भरवशाचं असतं.

*पेटीवर काय चालतं, काय नाही*

चालतं: एलईडी बल्ब, मोबाईल, छोटा पंखा, लॅपटॉप, फवारणी पंपाच्या बॅटरीचं चार्जिंग.

चालत नाही: विहिरीची मोटर. ५ एचपी म्हणजे साधारण ३,७०० वॅट, आणि सुरू होताना ती त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. आपल्याला परवडणाऱ्या पेट्या ३०० ते १,००० वॅटच्या. कोणी "मोटर चालेल" म्हणालं तर हात जोडून बाहेर या. पाण्यासाठी सौर कृषी पंपाची योजना वेगळी आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो.

*लेबल कसं वाचायचं*

पेटीवर दोन आकडे असतात. *वॅट* म्हणजे एका वेळी किती ताकदीचं उपकरण चालेल. *वॅट-अवर* म्हणजे एकूण साठा किती. बैलगाडीच्या भाषेत सांगायचं तर वॅट म्हणजे बैलाची ओढ आणि वॅट-अवर म्हणजे गोठ्यातली वैरण.

काही जाहिरातींत "१,२०,००० एमएएच" असा मोठा आकडा टाकतात. घाबरू नका. त्याला ३.७ ने गुणा आणि १,००० ने भागा: ४४४ वॅट-अवर. बस, एवढीच ती पेटी.

बॅटरी *लिथियम फेरो फॉस्फेट* प्रकारची आहे का ते बघा. ती वजनाला थोडी जड असते, पण जास्त वर्षं टिकते आणि उन्हाळ्यात तुलनेनं सुरक्षित असते. तिच्यासाठी वरच्या हिशोबात ३.७ ऐवजी ३.२ ने गुणायचं.

*एका रात्रीचा हिशोब*

▪️ ९ वॅटचा बल्ब × ५ तास = ४५
▪️ दोन मोबाईल = ४०
▪️ १५ वॅटचा छोटा पंखा × ४ तास = ६०
▪️ फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी = ९६, चार्जरची घट धरून १२५

एकूण २७०. पेटीतही १५ टक्के वीज वाया जाते असं धरा, म्हणजे ३२० लागतील. ५०० वॅट-अवरची पेटी पुरे. तुमच्याकडे काय काय चालवायचं ते असंच कागदावर मांडा.

आता भरायची कशी? १०० वॅटचं पॅनल शेतात १०० वॅट देत नाही. ६५-७५ मिळाले तरी चांगलं. चांगल्या उन्हाचे ५ तास धरले तर दिवसाला साधारण ३५० वॅट-अवर. म्हणजे वरचा खर्च जेमतेम भरून निघतो. दोन दिवस आभाळ आलं की पेटी रिकामी. पेटीला चालत असेल तर २०० वॅटचं पॅनल घ्या.

*पॅनल लावताना*

१. तोंड दक्षिणेकडे, थोडं तिरकं. पॅनलवर पेन काटकोनात उभा धरा. पेनाची सावली दिसेनाशी झाली की पॅनल बरोबर सूर्यासमोर आहे. दिवसातून दोन-तीनदा फिरवलं तर चार्जिंग वाढतं.

२. तुरीच्या एका फांदीची सावली पडली तरी वीज खूप घटते. बांधावरच्या बाभळीखाली पॅनल नको.

३. *पॅनल उन्हात, पेटी सावलीत.* हे उलटं झालं की बॅटरीचं आयुष्य संपलंच समजा.

४. पेटी किती व्होल्ट इनपुट घेते ते बघा. १०० वॅटच्या साध्या पॅनलचं मोकळं व्होल्टेज २२ च्या आसपास असतं. छतावरच्या मोठ्या पॅनलचं ४० च्या पुढे जातं. २८ व्होल्टच्या पेटीला ते जोडलं तर पेटी जळेल आणि वॉरंटीही मिळणार नाही.

*वर्षभर सांभाळ*

एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. हंगाम संपला की निम्म्याहून थोडी जास्त चार्ज करून घरात कोरड्या जागी ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरा. पूर्ण रिकामी ठेवली तर बॅटरी कायमची बसते.

*जिवाशी खेळ नको*

पेटीच्या २३० व्होल्टच्या सॉकेटमधून वायर काढून *कुंपणाला थेट जोडू नका.* कुंपणाला फक्त झटका मशीनचाच करंट. थेट करंटनं जनावर तर मरतंच, पण पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारी, आपलं लेकरूसुद्धा मरू शकतं, आणि तो गुन्हा आहे. तसंच दोन्हीकडे पिन असलेली वायर करून पेटीची वीज घराच्या बोर्डात सोडू नका. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

*या आठवड्याचं काम:* तुमच्या रात्रीच्या वापराचा हिशोब करा. पेटी बघून ठेवली असेल तर लेबलचा स्पष्ट फोटो पाठवा, पक्कं बिल आणि जवळचं सर्व्हिस सेंटर विचारून ठेवा. फोटो बघून घ्यावी की नाही ते मी सांगते. पैसे दिल्यावर फोटो पाठवू नका, मग माझ्याही हातात काही उरत नाही.

तुमची,
कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी