‘सॅग हार्बर’ : दोघा भावांचा एक उन्हाळा

कादंबरी हाती घेताच मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “हिच्यात घडते काय?” कॉल्सन व्हाइटहेड यांच्या ‘सॅग हार्बर’ (२००९) या इंग्रजी कादंबरीपुरते उत्तर द्यावयाचे, तर फारसे काही घडत नाही असेच म्हणावे लागेल. साल १९८५. पंधरा वर्षांचा बेंजी व त्याच्याहून दहाच महिन्यांनी लहान असलेला रेजी हे दोघे भाऊ न्यूयॉर्क शहर सोडून लाँग आयलंड बेटावरील समुद्रकाठच्या घरी सुटी घालवितात. वडील डॉक्टर, आई वकील. ती दोघे आठवड्याच्या अखेरीस येतात, एरवी घरात मुलेच. सप्टेंबरच्या आरंभी सुटी संपते आणि पुस्तकही संपते. हेच लेखक पुढे २०१७ व २०२० अशी दोनदा पुलित्झर पारितोषिकाचे मानकरी ठरले. परंतु त्यांच्या त्या गाजलेल्या ग्रंथांपेक्षा वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस हे शांत पुस्तकच अधिक जवळचे वाटेल, असे आम्हांस वाटते.

स्थळाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. सॅग हार्बर हे पूर्वी देवमाशांच्या शिकारीचे नामांकित बंदर होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांस समुद्रकाठी जमीन मिळणे ज्या काळी दुरापास्त होते व बँकाही त्यांस कर्ज देत नसत, त्या काळी, १९४७ च्या सुमारास, मॉड टेरी नावाच्या एका शिक्षिकेने आपल्या वास्तुविशारद भगिनीच्या साहाय्याने येथे अ‍ॅझ्युरेस्ट ही वसाहत उभी केली. शेजारीच सॅग हार्बर हिल्स व निनवे अशा आणखी दोन वसाहती झाल्या. या तिन्ही वसाहतींस २०१९ मध्ये ऐतिहासिक स्थळे म्हणून मान्यता मिळाली. देवमाशांच्या गावाला लागून निनवे! योनाची कथा ठाऊक असलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस हे वाचून हसू येईल, आम्हांसही आले.

आता त्या दोघा भावांकडे वळू. लहानपणी जेथे एक तेथे दुसरा. लोक दोघांची नावे एका दमात, जणू एकच नाव असल्याप्रमाणे घेत. या उन्हाळ्यात मात्र थोरल्याला ‘बेंजी’ हे नाव पोरकट वाटू लागले आहे. आपल्यास ‘बेन’ म्हणावे अशी त्याची खटपट चालते आणि कोणी तसे म्हणत नाही. तो एकटा दिसला की लोक त्याच्या भावाची चौकशी करितात. बायबल वाचणाऱ्यास ही चौकशी साधी वाटत नाही. काइनाला विचारलेला प्रश्न आठवतो. बेंजी आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी धरितो, रेजी बर्गरच्या उपाहारगृहात. आणि रेजी तेथे अधिकाधिक पाळ्या मागून घेतो. प्रथम वाचताना आम्ही ही त्याची उद्योगप्रियता समजून तिचे मनात कौतुक केले. आम्ही चुकलो होतो. मुलगा घर टाळीत होता.

हे कळते ते एका प्रकरणात, ज्याचे नाव भडका उडू न देण्याविषयीचे आहे. वर वर पाहता विषय मांस भाजण्याच्या शेगडीचा. वडील त्या कामात मोठे निष्णात. परंतु भडका निखाऱ्यांचाच उडतो असे नाही. वडील मद्यपान करितात, आणि त्यांचा पारा केव्हा चढेल याचा अदमास घेत सारे घर वावरते. ते रेजीला नावाने न हाकारता एका घाणेरड्या शिवीने हाकारीत असत. पूर्वी शाळेत एका गोऱ्या मुलाने बेंजीच्या गालावरून बोट फिरवून हा रंग निघत नाही अशी थट्टा केली व बेंजी गप्प राहिला. ते ऐकून वडिलांनी, त्या पोराचा मार याहून जोराचा असता काय, असे विचारीत त्यालाच चपराका मारिल्या. मुलाने जगात मार खाऊ नये म्हणून दिलेला हा धडा! बापाची माया यात नाही असे आम्ही म्हणणार नाही; मुलाला मात्र ती दिसली नाही.

म्हणूनच छर्ऱ्यांच्या बंदुकांचा खेळ चालला असता बेंजीच्या डोळ्याजवळ छर्रा रुतून बसतो, तेव्हा तो इस्पितळात जात नाही. आईबापांस कळू नये, एवढीच सर्वांची चिंता.

गतकाळाची गोडीही पुस्तकात पुष्कळ आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये कोका-कोलाची चव बदलली व लोकांनी ओरड केल्यावर जुलैत जुनी परत आली. बेंजीला ते आपल्यावर आलेले संकट वाटते! परंतु सांगणारा पोक्त झालेला बेंजी आहे. तो त्या मुलास हसतो आणि हसता हसता मध्येच थांबतो. ती थांबण्याची ठिकाणे सावधपणे वाचावीत. भाषेत शिव्यांची रेलचेल असल्याने खालच्या वर्गांस हे पुस्तक आम्ही देणार नाही. वरच्या वर्गांतील मुलांनी व घरी वाचू इच्छिणाऱ्या पालकांनी एक करावे : प्रत्येक प्रकरण संपताच त्या वेळी रेजी कोठे होता हे लिहून ठेवावे, मात्र वहीत, ग्रंथालयाच्या प्रतीवर नव्हे.