मालवणचे प्रवाळ आणि जलपर्यटन

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाखालचा समुद्रतळ पाहण्यास आता पाणबुड्याचे कसब लागत नाही. मालवणच्या धक्क्यावरून होडी अल्पावधीत किल्ल्यानजीकच्या खडकांपाशी पोहोचते. तोंडात श्वसननळी, डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि अंगात जीवरक्षक जाकीट एवढ्या साधनांवर, पोहता न येणारा पर्यटकही वाटाड्याच्या आधाराने पाण्यावर तरंगत तळाचे प्रवाळ न्याहाळू शकतो. या जलक्रीडेस स्नॉर्केलिंग म्हणतात. ही सुगमता हेच तिचे आकर्षण होय. मात्र प्रवाळांवरील ताणाचे एक कारणही तीच आहे.

प्रवाळ दगडासारखा दिसला, तरी ती सजीवांची वसाहत असते. इवले इवले प्राणी चुन्याचा सांगाडा रचतात आणि त्यांच्या शरीरात एकपेशीय शैवाले वास करतात. सूर्यप्रकाशात शैवाले अन्न तयार करतात व त्याचा मोठा वाटा प्रवाळास मिळतो. त्याचा रंगही बहुतांशी शैवालांचाच. पाणी नेहमीपेक्षा फार तापले की ही शैवाले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. यास विरंजन म्हणतात. २०१५ च्या अखेरीस मालवणच्या काही वसाहती अशा विरंजित झालेल्या आढळल्या होत्या.

लक्षद्वीप वा अंदमानप्रमाणे येथे विस्तीर्ण प्रवाळभित्ती नाही. खडकांना धरून विखुरलेल्या वसाहती आहेत. त्यामुळे प्रत्येकीचे मोल अधिक. पोराइटिस जातीचा गोळा वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे हातभर उंचीस चाळीस-पन्नास वर्षे लागतात, आणि होडीचा नांगर तो एका फटक्यात फोडतो.

नांगराखालोखाल हानी होते ती पायांनी. दमलेला पर्यटक टेकायला जागा शोधतो आणि खडक समजून प्रवाळावर उभा राहतो. पायांच्या हालचालीने उसळलेला गाळ प्रवाळावर बसून प्रकाश अडवतो. मासे जमावेत म्हणून पाव टाकण्याची प्रथाही अनिष्टच. छायाचित्र चांगले येते, एवढाच तिचा लाभ.

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश असून ते तोडणे वा विकणे गुन्हा ठरते. तथापि, अभयारण्यास स्थानिक मच्छिमारांचा विरोध राहिला आहे. रापण ओढून जगणाऱ्या कुटुंबास निर्बंधांची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. ज्यांच्या होड्या पर्यटकांना नेतात, त्यांचाच सहभाग नसेल तर पाण्यातील पहारा कोण करणार?

वायरी, तारकर्ली, देवबाग या गावांच्या ग्रामपंचायतींना येथे बरेच करता येण्याजोगे आहे. नांगर टाकण्याऐवजी होड्या बांधण्यासाठी वाळूच्या तळावर कायमचे बोये बसविणे, हा त्यातला सर्वांत परिणामकारक उपाय. होडीत बसण्यापूर्वी पर्यटकांना पाच मिनिटे माहिती देण्याचा नियमही घालता येईल. शाळांच्या सहलींसाठी शिक्षकांनी भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहाव्यात. ओहोटीत पाणी उथळ होऊन पाय प्रवाळाला लागतात.

पावसाळ्यात समुद्र खवळतो, खाड्यांचा गाळ किनाऱ्यालगत पसरतो आणि ही जलक्रीडा बंद राहते. पाणी निवळू लागते ते ऑक्टोबरनंतर. बोयांच्या साखळ्या तपासण्याचे काम त्याच सुमारास, पहिली होडी सुटण्याआधी उरकावे लागते.