आजीचा गोळ्यांचा डबा

चि. सोनू,

परवा फोनवर तू सहज सांगून गेलीस की शेरूने आजीच्या गोळ्यांची पट्टी चावून टाकली, पण त्याला काही झालं नाही. त्या बी-कॉम्प्लेक्सच्या होत्या म्हणून निभावलं. फार तर पोट बिघडलं असतं. पण त्याच डब्यात ड जीवनसत्त्वाच्या, आठवड्याला एक घ्यायच्या, ६०,००० युनिटच्या कॅप्सूल असतात. शेरू जेमतेम १० किलोचा कुत्रा. त्यातल्या एकीनेही त्याला उलट्या होऊ शकतात. चारची पट्टी पोटात गेली तर रक्तातलं कॅल्शियम वाढत जातं आणि मूत्रपिंडं कायमची निकामी होऊ शकतात.

आणि हे लगेच दिसत नाही गं. दिवस-दोन दिवस कुत्रं शेपूट हलवत घरभर फिरू शकतं. माझ्या दवाखान्यात एक लॅब्रेडॉर तिसऱ्या दिवशी आणला होता. सारखा पाणी पीत होता, अन्नाला तोंड लावत नव्हता. गोळ्या खाल्ल्याचं घरच्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. खेळतोय म्हणून ते थांबले. तो वाचला नाही.

वहिनीच्या लोहाच्या गोळ्याही अशाच फसव्या. आधी उलट्या होतात, मग काही तास कुत्रं बरं वाटतं, आणि नंतर एकदम कोसळतं. ६० मिलिग्रॅम लोहाच्या १० गोळ्या शेरूच्या जिवावर बेतू शकतात. चघळायच्या गोड गोळ्यांत झायलिटॉल असेल, तर अर्ध्या-एक तासात साखर उतरून तो झोकांड्या खाऊ लागेल.

म्हणून असं पुन्हा घडलं तर शेरूकडे बघत बसू नकोस, पट्टी हातात घे. नाव, ताकद, किती गोळ्या गेल्या, किती वाजता, हे सगळं डॉक्टरांना फोनवर सांग आणि निघ. पट्टी सोबत ने. पहिल्या तास-दोन तासांत इंजेक्शनने उलटी करवता येते. घरी मिठाचं पाणी पाजू नकोस, कुत्र्याला मीठही बाधतं. विषावर दूध द्यायची आपल्याकडे सवय आहे, तेही नको. ड जीवनसत्त्वाने आधीच वाढणाऱ्या कॅल्शियममध्ये त्याची भर पडते.

आज झोपण्यापूर्वी आजीचा डबा कडीच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेव आणि ठेवलास की मला फोन कर. मी जागी आहे.

तुझी,
मावशी