औषध तारक ठरावे म्हणून

१७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो. २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने हाच दिवस जगभर रुग्णसुरक्षा दिन म्हणूनही पाळला जातो. २०२२ साली त्याचा विषय होता औषधांची सुरक्षितता. रुग्णालयाच्या चार भिंतींतला वाटणारा हा विषय गावापर्यंत कसा पोहोचतो, ते पाहणे उद्बोधक ठरेल.

मुंबईचा धडा

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या सर ज. जी. रुग्णालयात काही रुग्णांची मूत्रपिंडे एकाएकी निकामी झाली व १४ जण दगावले. त्यांचे मूळ आजार एकच नव्हते. समान होते ते त्यांना पाजलेले ग्लिसरीन. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रव्य मिसळलेले आढळले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधखरेदी, तपासणी व प्रशासन यांतील गंभीर दोष उघड केले. रुग्णाला काय दिले आणि त्यानंतर काय घडले, याची नोंद असेल तरच असा धागा सापडतो, हा त्या दुर्घटनेचा धडा होय.

चांगले औषधही बाधते

भेसळ नसतानाही औषध अपाय करू शकते. मुखेड वा निलंगा तालुक्यातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्याचे उदाहरण घ्या. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू आहे. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी तो रोज घेतो. उन्हाळ्यात जुलाब होऊन शरीरातील पाणी कमी झाले, की या दोन्ही गोळ्या मिळून मूत्रपिंडावर आघात करतात. रुग्णालयात दाखल होताना त्याने दुसऱ्या गोळीचा उल्लेखच केला नाही, आणि मूत्रपिंडास जड जाणारे जंतुनाशक इंजेक्शन त्यात भर म्हणून पडले, तर डॉक्टर कितीही कुशल असोत, धोका वाढतो.

रुग्णालयातील दक्षता

औषध देताना पाच गोष्टी ताडून पाहण्याचा दंडक आहे : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ. इन्सुलिन, पोटॅशियम आणि रक्त गोठू न देणारी औषधे देताना दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळणी करून घेणे इष्ट असते. पूर्वी एखाद्या औषधाची ॲलर्जी झाली असल्यास ती केसपेपरवर ठळक लिहिली जावी.

ग्रामीण रुग्णालयातून नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत रुग्ण हलविताना सोबतच्या चिठ्ठीला विशेष महत्त्व आहे. सर्पदंशाच्या रुग्णास प्रतिविषाच्या किती कुप्या, केव्हा दिल्या व अंगावर पित्त, थंडी वा धाप अशी प्रतिक्रिया आली काय, हे तीत नसेल तर पुढील डॉक्टरांना अंधारात चाचपडावे लागते.

नोंद कोणीही करू शकतो

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठी २०१० मध्ये राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम सुरू झाला. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे समन्वयन करतो. डॉक्टर व परिचारिकांप्रमाणेच रुग्ण व नातेवाईकही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर माहिती देऊ शकतात. औषधाचे नाव, बॅच क्रमांक व दिसलेला त्रास एवढे तरी सांगावे. औषधच दोषी होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कळविणाऱ्यावर नसते; संशय पुरेसा असतो.

गावाचे काम

ग्रामसभेत सरपंचांनी व शाळेत शिक्षकांनी तीन गोष्टी सांगाव्यात. रुग्णालयात जाताना घरातील सर्व औषधे, काढे व चूर्णे यांसह, एका पिशवीत घालून न्यावीत. न सोसणाऱ्या औषधाचे नाव कागदावर लिहून जवळ ठेवावे. अंगावर पुरळ, तोंडात फोड, कावीळ, धाप किंवा लघवी कमी होणे यांपैकी काही दिसल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावे. मात्र क्षयरोग, फिट किंवा हृदयविकाराची औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

यासाठी वेगळा निधी लागत नाही. ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करण्याची आणि तिच्यातील प्रत्येक गोळीविषयी विचारण्याची सवय लागली, तरी अनेक अपाय टळतील.