इंटरनेट सेवा : वेग आणि मर्यादा

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आज ती निरनिराळ्या मार्गांनी घरोघरी पोहोचते. त्यांतील भेद जाणून घेणे ग्राहकाच्या हिताचे आहे.

ब्रॉडबँड म्हणजे ठरावीक किमान वेगाची सेवा. २००४ च्या धोरणात हा वेग सेकंदाला २५६ किलोबिट होता. २०२३ पासून तो २ मेगाबिट आहे. ८ बिटांचा १ बाइट होतो. म्हणून २ मेगाबिट वेगाने १ मेगाबाइटचे छायाचित्र येण्यास सुमारे ४ सेकंद लागतात.

घरातील ब्रॉडबँड बहुधा तारेतून वा प्रकाशतंतूतून येते. मोबाइल इंटरनेट मनोऱ्यावरून रेडिओलहरींनी येते. मनोऱ्याची क्षमता अनेकांत वाटली जात असल्याने जत्रेच्या गर्दीत वेग मंदावतो.

इंटरनेट दूरध्वनीत आवाजाचे अंकांत रूपांतर होऊन तो इंटरनेटवरून जातो. वीज गेल्यावर घरातील राउटर बंद पडला, की त्यावरील संभाषणही तुटते. शिवाय व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरून ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागत नाही. तो मोबाइलच्या नेहमीच्या कॉलनेच लावावा. यास्तव पावसाळ्यात प्रत्येक कुटुंबाने निदान एक मोबाइल चार्ज करून ठेवावा आणि ही गोष्ट घरातील मुलांनाही शिकवावी.