उन्हाळ्यात तान्ह्या बाळाला पाणी?

प्रश्न : माझं बाळ चार महिन्यांचं आहे. एवढ्या उन्हातही मी त्याला वरचं पाणी देत नाही, म्हणून घरात सगळे मला हट्टी म्हणतात. माझं चुकतंय का?
– एक आई, दिग्रस (जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, तुमचा हट्ट योग्यच आहे. आईच्या दुधात जवळपास ८७ टक्के पाणीच असतं. यवतमाळच्या उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत बाळाला ते पुरतं. वरच्या पाण्यानं दूध पिणं कमी होतं, जुलाबाची भीती वाढते. बाळाला वारंवार पाजा, पाणी तुम्ही प्या. सासूबाईंना लंगोट मोजायला सांगा. दिवसात सहा-सात ओले झाले की त्यांचीही काळजी मिटेल! मधाचं बोट मात्र वर्षभर नकोच. शू कमी झाली, ताप आला किंवा बाळ मलूल दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा.