चष्म्याच्या चिठ्ठीतला ‘सिलिंडर’

“डॉक्टर, चिठ्ठीवर हा सिलिंडर कसला लिहिलाय? पोराच्या डोळ्यात मोठा काही बिघाड तर नाही ना?” अंबरनाथच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न वरचेवर येतो. उल्हासनगर-बदलापूरहून येणारे पालकही हेच विचारतात. म्हणून आज या नंबराविषयी.

बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. तो वाटीच्या पाठीसारखा सगळीकडून सारखा गोल असेल, तर प्रकाशाचे किरण डोळ्याच्या आतल्या पडद्यावर एका बिंदूत जमतात. तोच चमच्याच्या पाठीसारखा एका दिशेने जास्त वळलेला असेल, तर किरण एका बिंदूत जमत नाहीत. मग जवळचे आणि लांबचे, दोन्ही पुसट दिसते. यालाच ॲस्टिग्मॅटिझम म्हणतात. बहुतेकांत ही डोळ्याची ठेवणच असते. टीव्ही पाहून किंवा मंद उजेडात वाचून ती येत नाही.

इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांच्या डाव्या डोळ्यात हा दोष होता. १८२५ च्या सुमारास त्यांनी तो स्वतः मोजून दंडगोलाच्या आकाराचे भिंग घडवून घेतले. चिठ्ठीतला सिलिंडर म्हणजे तेच भिंग. त्यापुढचा ‘ॲक्सिस’चा १ ते १८० मधला आकडा ते कोणत्या कोनात बसवायचे हे सांगतो.

आता माझी एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी चौथीतला एक मुलगा डोकेदुखीसाठी माझ्याकडे येत असे. शाळा टाळतो असे समजून मी दोन-तीनदा गोळ्या देऊन त्याला परत पाठवले. एकदा त्याची आई सहज म्हणाली, “फळ्यावरचं उतरवताना घ चा ध करतो आणि भ चा म.” तेव्हा मी त्याचा उजवा डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला सांगितले. त्याला मोठे आकडेही ओळखता येईनात. दोन्ही डोळे उघडे असताना उजवा डोळा सगळे निभावून नेत होता, म्हणून घरी कुणाच्या लक्षात आले नव्हते. नेत्रतज्ज्ञांनी डाव्या डोळ्याला मोठा सिलिंडर नंबर आणि ‘आळशी डोळा’ असल्याचे सांगितले. पुसट चित्रच येत राहिले की मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, असा उपचार वर्षभर चालला. नजर सुधारली, पण पूर्ण आली नाही. सात-आठ वर्षांच्या आत हा उपचार सर्वांत चांगला लागू पडतो. मी पहिल्याच भेटीत डोळा तपासला असता, तर त्याचे काही महिने वाचले असते.

म्हणून पालकांनो, मूल डोळे बारीक करून पाहते का, मान तिरकी करते का, संध्याकाळी कपाळ दुखते का, याकडे लक्ष द्या. घरी एकेक डोळा झाकून लांबचे वाचायला लावा. तक्रार नसली तरी शाळेत घालण्यापूर्वी एकदा नेत्रतपासणी करून घ्या. मुलांचा नंबर बहुधा डोळ्यांत औषध घालून काढावा लागतो. त्याला घाबरू नये. मुलीला चष्मा लागला तर लग्नाला अडचण येईल, म्हणून तपासणी टाळणे हा तर तिच्यावर अन्यायच आहे.

मोठ्यांनाही हा त्रास होतो. शिलाई मशीनवर बसणाऱ्याचे डोके संध्याकाळी ठणकते. रात्री स्टेशनवर उभे राहिले की दिव्यांना शेपट्या फुटलेल्या दिसतात. अशा वेळी रस्त्यावरचा तयार चष्मा घेऊ नका. त्यात सिलिंडर नसतो.

नवा चष्मा घातल्यावर काही दिवस जमीन तिरकी भासते. तेवढ्यावरून तो कपाटात ठेवू नका. आठ-पंधरा दिवसांतही सवय झाली नाही, तर नंबर पुन्हा तपासा. वाकडी फ्रेम लगेच सरळ करून घ्या, कारण भिंग ३० अंश फिरले तर सिलिंडरचा सारा फायदा जातो. डोळ्यांच्या व्यायामाने, थेंबांनी किंवा गाजर खाऊन हा नंबर जात नाही. चष्मा नको असेल तर टोरिक कॉन्टॅक्ट लेन्स मिळतात. लेसरचा विचार अठराव्या वर्षानंतर, नंबर स्थिर झाल्यावर आणि तज्ज्ञांनी कॉर्निया तपासल्यावरच करावा.

आणखी एक. वाढत्या वयात सिलिंडर भराभर वाढत असेल आणि मूल सतत डोळे चोळत असेल, तर कॉर्निया पातळ होऊन पुढे येत असण्याची शक्यता असते. तेव्हा नुसता चष्मा बदलत बसू नका, नेत्रतज्ज्ञांना गाठा. वेळीच कळले तर ही वाढ थांबवता येते.

आज रात्री जेवणानंतर पाच मिनिटे काढा. मुलाचा एक डोळा तळहाताने झाका आणि समोरच्या कॅलेंडरवरची तारीख विचारा. मग दुसरा.